फोनमधलं अँड्रॉइड न पुसता त्याच फोनवर डेस्कटॉप लिनक्स: काय जमतं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे, लॅपटॉप इतक्यात घेणं शक्य नाही, घरात 8 जीबी रॅमचा अँड्रॉइड फोन आणि एक एलईडी टीव्ही आहे. फोनमधलं यूपीआय, व्हॉट्सअ‍ॅप, फोटो सगळं जागच्या जागी ठेवून त्याच फोनवर उबुंटू (लिनक्सचा एक लोकप्रिय प्रकार) किंवा विंडोज चालवता येईल का, त्यासाठी रूट (फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवणं) करावं लागेल का, आणि कॉलेजची प्रॅक्टिकल्स त्यावर होतील का.

आधी सरळ उत्तर देतो. लिनक्स चालेल, रूट न करता चालेल आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाची बहुतेक प्रॅक्टिकल्स त्यावर नीट होतील. विंडोजच्या मागे लागू नका, त्याचं कारण खाली सांगतो. आणि घरातल्या मुख्य फोनचा बूटलोडर (फोन सुरू करणारं, कंपनीने कुलूपबंद ठेवलेलं सॉफ्टवेअर) अनलॉक करू नका, कोणी कितीही सोपं करून दाखवलं तरी नाही.

हे शक्य का होतं ते आधी समजून घ्या म्हणजे पुढे अडलं तरी कुठे अडलं ते कळेल. अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्सचाच कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभा, आहे. फरक आहे तो वरच्या मजल्यावर, डेस्कटॉप लिनक्सचे प्रोग्रॅम जीलिबसी नावाच्या लायब्ररीवर (प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार कोडच्या संचावर) उभे असतात आणि अँड्रॉइडने स्वतःची बायोनिक नावाची वेगळी लायब्ररी वापरली आहे, शिवाय फोल्डरची रचना वेगळी, परवानग्यांची पद्धत वेगळी. म्हणून डेबियनचा (हाही लिनक्सचाच एक प्रकार) प्रोग्रॅम उचलून फोनवर टाकला तर तो नुसता चालत नाही. पण डेबियनचा तो वरचा मजला सगळाच्या सगळा एका फोल्डरमध्ये आणून ठेवला आणि प्रोग्रॅमला भासवलं की हाच तुझा मूळ फोल्डर, तर तो खालचा तोच कर्नल वापरून चालू लागतो. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं राहतात तसं, विहीर एकच, चुली वेगळ्या. म्हणजे दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बूट होत नाही, अँड्रॉइड बंद करावं लागत नाही, फोन आला तर फोन वाजतो.

फोनवर लिनक्स चालवण्याचे रस्ते तीन आहेत आणि कुठला घ्यायचा यावरच लोक चुकीचे व्हिडिओ बघून फसतात.

पहिला रस्ता क्रूटचा, म्हणजे कर्नललाच मूळ फोल्डर बदलायला सांगणाऱ्या कमांडचा. यात वेग पूर्ण मिळतो कारण मध्ये कोणी नसतं, पण रूट लागतं. रूटसाठी बूटलोडर अनलॉक, आणि अनलॉक करताना फोनचा सगळा डेटा पुसला जातो. त्यानंतर प्ले इंटेग्रिटी ही गुगलची, फोन मूळ स्थितीत आहे का बघणारी तपासणी नापास होते आणि बँकेची बरीच अ‍ॅप्स उघडायलाच नकार देतात. सॅमसंगमध्ये तर अनधिकृत सॉफ्टवेअर टाकलं की नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज उडतो आणि तो पुन्हा जोडता येत नाही, सिक्युअर फोल्डर कायमचा गेला. ज्या फोनवर घरखर्चाचं यूपीआय चालतं त्या फोनवर हे करणं म्हणजे नसती आफत. कपाटात जुना फोन पडून असेल तर त्यावर खुशाल करा, तो वेगळा आणि फार छान विषय आहे, वनप्लस 6 किंवा पोको एफ1 सारख्या स्नॅपड्रॅगन 845 वाल्या फोनवर पोस्टमार्केटओएस हे फोनसाठीचं लिनक्स थेट बूट होतं. पण तिथे अँड्रॉइड शेजारी राहत नाही आणि तुमचा प्रश्न शेजारी ठेवण्याचा आहे.

दुसरा रस्ता व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे फोनच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या वेगळ्या कॉम्प्युटरचा. गुगलने अँड्रॉइड 13 पासून व्हर्च्युअलायझेशनची चौकट आणली आणि मार्च 2025 मध्ये पिक्सेल फोनवर टर्मिनल नावाचं अ‍ॅप दिलं, ते आत खरंखुरं डेबियन चालवतं, स्वतःचा कर्नल, सिस्टमडी (मागे चालणाऱ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम), आतमध्ये खरा रूट, सगळं. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये लिनक्स डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट असा पर्याय असतो, तो चालू केला की अर्ध्या जीबीच्या आसपास डाउनलोड होतं. मूळचं हे काळ्या पडद्यावर कमांड टाइप करण्यापुरतं होतं, नंतरच्या आवृत्त्यांत ग्राफिकल अ‍ॅप्सची सोय येत गेली. तुमच्या फोनमध्ये आहे का ते बघायला डेव्हलपर ऑप्शन्स चालू करून सेटिंग्जच्या सर्चमध्ये लिनक्स टाइप करा. दिसलं तर उत्तम, तोच रस्ता सगळ्यात स्वच्छ. बऱ्याच फोनमध्ये दिसणार नाही, कारण त्याला चिपची आणि फोन बनवणाऱ्या कंपनीची साथ लागते.

तिसरा रस्ता टर्मक्स आणि प्रूटचा. तुमच्यासाठी हाच. टर्मक्स हे साधं अ‍ॅप आहे, आणि प्रूट हा प्रोग्रॅम डेबियनच्या प्रत्येक सिस्टिम कॉलच्या (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागणीच्या) मध्ये उभा राहून पत्ता बदलून देतो, डेबियनने मूळ फोल्डर मागितला की हा टर्मक्समधला फोल्डर पुढे करतो. रूट लागत नाही, फोनला कसली कल्पनाही नसते. किंमत मोजावी लागते ती वेगात, पण ती सगळीकडे सारखी नाही हे लक्षात घ्या. नुसती आकडेमोड करणारा प्रोग्रॅम जवळपास पूर्ण वेगाने पळतो, कारण तो कर्नलला फारसं काही विचारतच नाही. हजारो छोट्या फाइल्स उघड-बंद करणारं काम मात्र रेंगाळतं, म्हणून पॅकेज इन्स्टॉल करताना अनपॅकिंग अशा ओळी सरकत बसतात तेव्हा अडकलंय असं समजून बंद करू नका, चहा करून या.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. फोनलाच कॉम्प्युटर बनवायचं हे स्वप्न मोठमोठ्या कंपन्यांनी पाहिलंय आणि अर्ध्यात सोडलंय. 2011 मध्ये मोटोरोलाच्या अ‍ॅट्रिक्स फोनला लॅपडॉक नावाची स्क्रीन-कीबोर्डची जोडी होती, फोन मागे खोचला की लिनक्सवरचा वेबटॉप उघडायचा, पुढच्याच वर्षी मोटोरोलाने वेबटॉप बंद केलं. 2012 मध्ये कॅनॉनिकलने उबुंटू फॉर अँड्रॉइड जाहीर केलं, कल्पना अगदी हीच, एक कर्नल, खाली अँड्रॉइड आणि मोठ्या स्क्रीनला जोडलं की उबुंटू, पण ते घेऊन फोन बाजारात आलाच नाही. सॅमसंगने 2018 च्या शेवटी नोट 9 आणि टॅब एस4 वर लिनक्स ऑन डेक्सची (डेक्स म्हणजे फोन मोठ्या स्क्रीनला जोडून डेस्कटॉपसारखा वापरायची सॅमसंगची सोय) बीटा दिली, आत उबुंटू 16.04 होतं, लोकांनी त्यावर कामं लावली आणि 2019 च्या ऑक्टोबरात अँड्रॉइड 10 बरोबर ते बंद होणार असं जाहीर झालं. म्हणून मी टर्मक्स-प्रूटवर इतका भर देतो, ते कुठल्या कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. फोन बदलला तरी बॅकअप घ्या, नव्यावर उतरवा, चालू.

आता प्रत्यक्ष कृती. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

टर्मक्स एफ-ड्रॉइड (मुक्त सॉफ्टवेअरचं स्टोअर) किंवा गिटहबवरून (कोड ठेवायची साइट) घ्या, प्ले स्टोअरवरून नको. त्याला कारण आहे. अँड्रॉइड 10 पासून गुगलने नियम केला की नव्या पद्धतीने बांधलेलं अ‍ॅप स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिलेली फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवू शकत नाही, आणि टर्मक्सचं तर सगळं कामच त्यावर आहे, म्हणून मूळ टर्मक्स जुन्या पद्धतीवरच ठेवलंय आणि ते प्ले स्टोअरच्या बाहेरून मिळतं. दुसरं, टर्मक्स आणि त्याची जोड-अ‍ॅप्स एकाच ठिकाणची घ्या, एक इथून एक तिथून केलं तर बनवणाऱ्याची डिजिटल सही जुळत नाही आणि इन्स्टॉलच होत नाही.

मग पीकेजी अपग्रेड, पीकेजी इन्स्टॉल प्रूट-डिस्ट्रो, आणि प्रूट-डिस्ट्रो इन्स्टॉल डेबियन. मी उबुंटू न म्हणता डेबियन म्हणतोय ते मुद्दाम. उबुंटूमध्ये फायरफॉक्स हा स्नॅप पॅकेज म्हणून येतो, स्नॅपला सिस्टमडी लागतं, प्रूटमध्ये सिस्टमडी नसतं, त्यामुळे ब्राउझरपाशीच गाडी अडते. डेबियनमध्ये फायरफॉक्स साध्या पॅकेजमध्ये मिळतो, ही भानगडच नाही. डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई घ्या, हलका आहे आणि 8 जीबीच्या फोनवर अँड्रॉइडच्या वाट्याला पुरेशी रॅम उरते. गनोम किंवा केडीई दिसायला छान पण या फोनवर त्यांचा हट्ट नको. 4 जीबीच्या फोनवरही एक्सएफसीई उघडतं पण ब्राउझरचे चार टॅब झाले की अँड्रॉइड काहीतरी मारून टाकतं. स्टोरेज 15 जीबी तरी मोकळं ठेवा आणि डेबियन एसडी कार्डवर टाकायचा प्रयत्न करू नका, तिथे लिनक्सच्या परवानग्या आणि सिमलिंक (फाइलकडे बोट दाखवणारे शॉर्टकट) टिकत नाहीत.

पडदा दाखवायला टर्मक्स-एक्स11 नावाचं वेगळं अ‍ॅप गिटहबवरून घ्या (एकाच ठिकाणचा नियम याला लागत नाही) आणि टर्मक्स-एक्स11-नाइटली हे पॅकेज टर्मक्सच्या आतही टाका, दोन्ही लागतात. त्यासाठी आधी एक्स11-रेपो हे पॅकेज टाकावं लागतं. जुन्या व्हिडिओंत व्हीएनसी (पडद्याचं चित्र नेटवर्कवरून दाखवायची पद्धत) दाखवतात, तेही चालतं पण माऊस ओढल्यासारखा वाटतो, एक्स11 त्यापेक्षा कितीतरी चांगलं. डेबियनमध्ये लॉगिन करताना शेअर्ड-टीएमपी हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर डेबियनला पडद्याचं सॉकेट (जोडणीची जागा) सापडत नाही आणि कॅनॉट ओपन डिस्प्ले असा मेसेज येत राहतो, निम्म्या लोकांची तक्रार इथेच असते. डेस्कटॉप सुरू करताना डीबस-लाँच लावून एक्सएफसीई सुरू करा. क्रोमियम ब्राउझर वापरायचा असेल तर त्याला नो-सँडबॉक्स द्यावं लागतं आणि तेवढ्यासाठी मी फायरफॉक्सच बरा म्हणेन.

आता सगळ्यात जास्त रडवणारी गोष्ट. सगळं छान चालू असतं, कंपाइल लावलेलं असतं आणि अचानक डेस्कटॉप गायब, टर्मक्समध्ये एकच ओळ, प्रोसेस कम्प्लिटेड, सिग्नल 9. लोकांना वाटतं रॅम कमी पडली किंवा फोन खराब आहे. तसं नसतं. अँड्रॉइड 12 पासून अ‍ॅप्सनी जन्माला घातलेल्या उपप्रोसेसवर मर्यादा आली, सगळ्या अ‍ॅप्सच्या मिळून 32, आणि डेस्कटॉप उघडला की पॅनेल, फाइल मॅनेजर, ब्राउझर मिळून ती सहज ओलांडली जाते. अँड्रॉइड 14 पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये चाइल्ड प्रोसेसवरचं बंधन काढायचं बटण आहे, ते चालू करा, झालं. 12 आणि 13 वर एडीबीने (फोनला बाहेरून कमांड देण्याच्या साधनाने) सेटिंग बदलावं लागतं आणि त्यासाठी दुसरा कॉम्प्युटर लागतोच असं नाही, वायरलेस डीबगिंग चालू करून स्क्रीन दोन भागांत वाटून घ्या, एकीकडे पेअरिंग कोड आणि दुसरीकडे टर्मक्समधलं एडीबी, फोन स्वतःलाच जोडला जातो. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच फोनमध्ये कंपनीचा स्वतःचा बॅटरी सेव्हर अ‍ॅप्स मारत असतो, टर्मक्स आणि टर्मक्स-एक्स11 दोन्हींना बॅटरीत नो रिस्ट्रिक्शन्स द्या आणि टर्मक्सच्या नोटिफिकेशनमधला वेक-लॉक (फोनला झोपू न देणारा पर्याय) लावून ठेवा. एवढं केलं की दिवसभर उघडं राहतं.

टीव्हीचं बोलू. इथे पैसे वाया जातात म्हणून नीट वाचा. टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे त्यातून व्हिडिओ बाहेर येतो असं नाही. त्यासाठी डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो आणि मध्यम किमतीच्या बहुतेक फोनमध्ये तो नसतो. फोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये यूएसबी 2.0 लिहिलं असेल तर टाइप-सी ते एचडीएमआयचा साधा अडॅप्टर घेऊ नका, दुकानदार चालेल म्हणाला तरी चालणार नाही. सॅमसंगच्या एस मालिकेत चालतो, डेक्सही मिळतं आणि डेक्समध्येच टर्मक्स-एक्स11 पूर्ण स्क्रीन करता येतं. पिक्सेल 8 पासून पुढेही चालतो. ज्यात नाही त्यांनी टीव्हीवर वायरलेस कास्ट करावं, टाइप केलेलं अक्षर किंचित उशिरा उमटतं पण कोड लिहायला, पीडीएफ वाचायला चालून जातं. डिस्प्लेलिंक चिपवाला अडॅप्टर यूएसबी 2.0 वरही त्यांच्या अ‍ॅपने चित्र देतो, पण महाग असतो, मी तो लगेच घ्या असं म्हणणार नाही. आधी कास्ट करून महिनाभर बघा.

कीबोर्ड-माऊस ब्लूटूथचे किंवा ओटीजीवर साधे वायरचे, काहीही चालतं. टर्मक्स-एक्स11 च्या प्रेफरन्सेसमध्ये रिझोल्यूशन कमी करून ठेवा नाहीतर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. बाहेरचा माऊस पकडण्याचा पर्यायही तिथेच आहे. तासन्‌तास काम करताना चार्जिंग चालू राहणार, तेव्हा फोनचं कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा आणि बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर लावा. फोन तापला की प्रोसेसर आपोआप मंद होतो आणि मग दोष लिनक्सला दिला जातो.

कॉलेजच्या कामाकडे येतो, कारण खरा प्रश्न तोच आहे. सी साठी जीसीसी डेबियनमध्येच मिळतं आणि उत्तम चालतं. फक्त कॉलेजात अजून टर्बो सी वर शिकवत असतील तर तिथले क्लिअरस्क्रीन आणि गेटसीएचवाले प्रोग्रॅम जीसीसीत कंपाइल होणार नाहीत, कोनिओ हेडर तिथे नसतं. त्या दोन ओळी आणि कोनिओ हेडरची ओळ काढून टाकली की चालतात, आणि परीक्षा टर्बो सी वरच असेल तर डेबियनमध्ये डॉसबॉक्स (जुने डॉस प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात टर्बो सी उघडता येतं. पायथनसाठी थॉनी द्या, नवशिक्या मुलांसाठी त्याच्याइतकं समजूतदार एडिटर मी पाहिलेलं नाही, व्हेरिएबलची किंमत ओळीओळीला कशी बदलते ते बाजूला दिसतं. जावासाठी ओपनजेडीके आहे. एडिटर म्हणून जीनी पुरतं.

डेटाबेसला मात्र एक खुबी आहे. पोस्टग्रेस डेबियनच्या आत टाकलं तर सर्व्हिस म्हणून सुरू होत नाही, एक तर सिस्टमडी नाही आणि शेअर्ड मेमरीचंही प्रूटमध्ये झंझट होतं. ते डेबियनमध्ये टाकूच नका. टर्मक्सचं स्वतःचं पोस्टग्रेसचं पॅकेज आहे, ते टर्मक्समध्ये टाका, तिथेच इनिटडीबी करून पीजी-सीटीएलने चालू करा, आणि डेबियनच्या डेस्कटॉपवरून लोकलहोस्टला (म्हणजे याच फोनला) जोडा. प्रूटमध्ये नेटवर्क वेगळं नसतं, दोघांचा लोकलहोस्ट एकच, त्यामुळे डेबियनमधल्या पायथनला किंवा जावाला ते सरळ सापडतं. ही युक्ती इतर सर्व्हरनाही लागू पडते.

मराठीसाठी डेबियन पहिल्यांदा उघडल्यावर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात, घाबरू नका, नुसता फॉन्ट नाहीये. फॉन्ट्स-लोहित-देवा पॅकेज टाका किंवा नोटो टाका. टायपिंगला आयबस आणि त्याचं एम17एन पॅकेज, त्यात मराठी इन्स्क्रिप्टही आहे आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायची सोयही आहे. लिब्रेऑफिसमध्ये जर्नल, सबमिशन सगळं होतं, पीडीएफ तिथूनच निघते. फक्त डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये नसते, ती इथे वाचता येणार नाही.

आता विंडोज का नको ते. फोनचा प्रोसेसर एआरएम जातीचा आहे आणि बाजारातलं बहुतेक विंडोज सॉफ्टवेअर इंटेल-एएमडीच्या भाषेत लिहिलेलं असतं. बॉक्स64 आणि वाइन जोडून ते भाषांतर करत चालवता येतं, काही जुने गेम चालतातही, पण टॅली, डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन, डोंगल लागणारं सॉफ्टवेअर यांचा भरवसा धरू नका. रूट नसलेल्या फोनवर प्रूटला यूएसबी उपकरण थेट दिसतच नाही. एका टॅपमध्ये फोनवर विंडोज 11 असं सांगणाऱ्या व्हिडिओतली फाइल तर अजिबात टाकू नका, बरेचदा तो नुसता विंडोजसारखा दिसणारा लाँचर असतो. टॅली हवीच असेल तर कोणाच्या तरी विंडोज कॉम्प्युटरला रिमोट डेस्कटॉपने जोडा, तो मार्ग फोनवर फार चांगला चालतो. आयफोनवर हे सगळं असं जमत नाही, यूटीएम एसई (दुसऱ्या कॉम्प्युटरची नक्कल चालवणारं सॉफ्टवेअर) 2024 पासून अ‍ॅप स्टोअरवर आहे पण फारच संथ, अभ्यासाला उपयोगाचं नाही.

ग्राफिक्सबद्दल एक ओळ: स्नॅपड्रॅगनच्या अ‍ॅड्रिनो जीपीयूला (ग्राफिक्सच्या चिपला) टर्निप ड्रायव्हर आहे त्यामुळे थ्रीडी बऱ्यापैकी चालतं, माली जीपीयूवाल्यांना व्हर्जिल या पर्यायावर भागवावं लागतं. प्रॅक्टिकलला दोन्ही लागत नाही.

सुरक्षेचं नीट ऐका. प्रूट म्हणजे कुंपण नाही. आतला प्रोग्रॅम टर्मक्सच्या परवानगीनेच चालतो, आणि टर्मक्सला स्टोरेजची परवानगी दिली असेल तर डेबियनमध्ये चुकून दिलेली डिलीटची कमांड फोनमधले घरचे फोटोही पुसू शकते, रिसायकल बिन वगैरे काही नाही. डेबियनमध्ये वेगळा यूझर बनवला तरी हे टळत नाही, म्हणून मुलीला कुठूनतरी कॉपी केलेली लांबलचक कमांड अर्थ कळल्याशिवाय पेस्ट करायची नाही हे पहिल्या दिवशी सांगा. तिला ते कळेल, या पद्धतीत सिस्टिम आतून कशी चालते ते रोज दिसत असतं आणि हे शिक्षण कॉलेजच्या लॅबमध्ये तयार कॉम्प्युटरवर बसून मिळत नाही.

आणि बॅकअप. डेबियन टर्मक्सच्या खाजगी फोल्डरमध्ये राहतं, टर्मक्स अनइन्स्टॉल केलं किंवा सेटिंग्जमध्ये क्लिअर डेटा दाबलं की सगळं एका क्षणात जातं, जागा साफ करणारी अ‍ॅप्स हा सल्ला हमखास देतात. त्यामुळे तिचा कोड गिट वापरून गिटहबवर ठेवायची सवय लावा, आणि सगळं बसवून झालं की प्रूट-डिस्ट्रो बॅकअप ही कमांड देऊन तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर टाकून ठेवा, रिस्टोअर केलं की फॉन्टपासून थॉनीपर्यंत सगळं तसंच परत येतं. पोस्टग्रेस टर्मक्समध्ये असल्यामुळे ते या फाइलमध्ये येत नाही, त्याचा पीजी-डंप (डेटाची प्रत) वेगळा काढायचा, प्रत्येक प्रॅक्टिकल सबमिट केल्यावर लगेच.